पुडी मॅडम

आधी माझी चूक सांगतो, मग मॅडमविषयी. क्रम उलटा ठेवला तर मॅडमच्या चांगुलपणाखाली माझी चूक झाकली जाईल, आणि बरीच वर्षं मी तेच करत आलो. बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला असताना मी आमच्या प्राणिशास्त्राच्या मॅडमना एक कोळी आणून दिला आणि तो आमच्या माळावरच्या ज्वारीत सापडला असं सांगितलं. तो तिथं सापडला नव्हता. गावच्या तळ्याकाठून मी तो उचलला होता. ऐकणाऱ्याला वाटेल, एका कोळ्याचं ते काय. मलाही तेव्हा तसंच वाटलं होतं. पण मॅडमनी माझ्यावर विश्वास ठेवला, आणि माझं शिक्षण, नोकरी, आज लोहाऱ्यात मुलं मला ‘सर’ म्हणतात ते, सगळं त्या विश्वासावर उभं आहे. मॅडम गेल्या त्याला आता दुसरं वर्ष लागलं. त्यांच्याविषयी लिहायचं तर एवढं आधी कबूल करायलाच हवं.

मॅडम म्हटलं की पहिल्यांदा छत्री आठवते. पुरुषांची, काळी, लांब दांड्याची आणि कायम उलटी. ऊन असो की आभाळ, मॅडम ती उघडून झुडपाखाली झोळीसारखी धरायच्या आणि दुसऱ्या हातातल्या काठीनं फांदीवर हलकेच मारायच्या. फांदीवरचे किडे, अळ्या, कोळी छत्रीत पडायचे. मग मॅडम छत्रीत अशा डोकं घालायच्या, की लांबून वाटावं कुणी आडात वाकून बघतंय. पायात कॅनव्हासचे बूट, पदर कमरेला खोचलेला, गळ्यात दोरीला बांधलेलं भिंग. येरमाळ्याला एसटीतून उतरून त्या आमच्या गावच्या रस्त्याला लागल्या, की हॉटेलातली माणसं चहा ठेवून बघत बसायची.

“बाई, छत्री उलटी झाली की हो!” एकदा एकानं ओरडून सांगितलं.

मॅडम थांबल्या, छत्रीत डोकावल्या आणि म्हणाल्या, “सरळ धरली तर सगळे सांडतील हो.”

कॉलेजातली एक बाई पाऊस पडायच्या आधीच गोळा करत हिंडते, असं तो माणूस पुढं कितीतरी दिवस सांगत होता.

‘पुडी मॅडम’ हे नाव पोरांनी ठेवलेलं. त्याला कारण त्यांचा पहिला तास. हजेरी झाली की त्या पिशवीतून वर्तमानपत्राचा तुकडा काढायच्या, त्यावर मूठभर भाजलेले शेंगदाणे ठेवायच्या आणि किराणा दुकानदार बांधतो तशी चटकन पुडी वळायच्या. “आता ही सुटू नये म्हणून काय लागेल?” वर्गातून आवाज यायचा, “दोरा!” मॅडम म्हणायच्या, “दुकानदाराला बाहेरून आणावा लागतो. मी तुम्हाला अशी एक बाई दाखवणार आहे, जी दोरा पोटात घेऊन फिरते.” मग पुडी सोडून दाणे पहिल्या बाकापासून शेवटच्या बाकापर्यंत फिरवायच्या. दाणे खाता खाता आम्ही कोळ्याविषयी ऐकलं. इतक्या चविष्ट तासाला मी पुढं कधी बसलो नाही, आणि तसा घेऊही शकलो नाही.

ती दोऱ्यावाली बाई म्हणजे आमच्या तळ्याकाठची कोळीण. भुईमुगाच्या दाण्याएवढी, वाळलेल्या कडब्याच्या रंगाची. ती जाळं विणत नाही. अंधार पडला की गवतातून फिरून शिकार करते आणि दिवसा रेशमाच्या पिशवीत झोपते. अंडी घालायची वेळ आली की पाण्याकाठच्या रुंद गवताचं पातं टोकाकडून दुमडते, पुन्हा दुमडते, कडा धाग्यानं शिवून घेते आणि त्या तिकोनी पुडीत स्वतःला अंड्यांसकट बंद करते. पिल्लं निघेपर्यंत ती आतच असते. लहानपणापासून मी त्या तळ्यावर म्हशी पाण्याला नेल्या होत्या. अशा किती पुड्या म्हशींच्या पायाखाली गेल्या असतील. मला त्या कधी दिसल्या नव्हत्या.

मॅडम वर्गाला एसटीनं तळ्यावर न्यायच्या, तेव्हा त्यांचा एकच कडक नियम असायचा, बंद पुडीला हात लावायचा नाही. त्या पातं न तोडता वाकवून उन्हासमोर धरायच्या. पुडीच्या आत कोळिणीची सावली दिसायची आणि तिच्या पोटाशी अंड्यांचा पिवळसर गोळा. “बाळंतिणीची खोली आहे,” त्या कुजबुजायच्या. “गलका करू नका.” आणि गंमत म्हणजे एरवी एसटी डोक्यावर घेणारी आमची पोरं तिथं खरंच गप्प व्हायची.

मॅडम मूळच्या मुरूमच्या. तिकडं घरोघरी कानडीही बोलतात, त्यामुळं त्यांचं मराठी सरळ चालता चालता मधेच सीमा ओलांडायचं. काही दिसलं की, “नोडप्पा, नोड!” म्हणजे बघ रे, बघ. आणि कुणी उगाच पाल्हाळ लावलं की, “साकु.” म्हणजे पुरे. हा ‘साकु’ आमच्या कॉलेजात इतका रुळला, की शिपाईमामा कँटीनमध्ये चहा ओतून घेतानाही तो वापरायचे.

एसटीच्या कंडक्टरांशी त्यांची कायमची बोलाचाली. त्यांच्या पिशवीत बाटल्या, बाटल्यांत जिवंत कोळी. एकदा येरमाळ्याहून परतताना कंडक्टरनं पिशवीत डोकावून विचारलं, “मॅडम, ह्यांची तिकिटं?”

“ह्यांना आठ आठ पाय आहेत, पण उभे राहून येत नाहीत. अर्धं तिकीट लावता का?”

“आन् सुटले तर?”

“सुटले तर तुम्हालाच त्यांच्यामागं पळावं लागेल. ते असे पळतील, की डबल बेल देईपर्यंत दाराबाहेर असतील.” अख्खी गाडी हसली. शेजारी बसलेल्या एका म्हातारीनं मात्र नऊवारी गोळा करून जागा बदलली.

मॅडमची मला सगळ्यात आवडलेली सवय, आणि सगळ्यात टोचलेलीही, एकच. विचारलेलं आलं नाही की त्या फळ्याकडं वळून मोठ्या अक्षरात लिहायच्या, ‘माहीत नाही’, आणि सांगायच्या, “उतरवून घ्या. हेही उत्तर आहे.” बाकीचे प्राध्यापक न येणाऱ्या प्रश्नाला तास संपल्याचं कारण द्यायचे. मॅडम उलट खूश व्हायच्या. “चला, एक काम मिळालं,” म्हणायच्या.

त्यांचं एक म्हणणं होतं. हा पुडीवाला कोळी पाण्याला सोडून राहत नाही. जिल्ह्यातली बरीच तळी त्यांनी पालथी घातली होती. काठावर तो असायचा, आणि काठ सोडून चार शेतं वर गेलं की नसायचा. का, ते त्यांना उलगडत नव्हतं. रुंद पात्याचं ते गवत पाण्यापाशीच उगवतं म्हणून, की पाण्याची ओलच त्याला लागते म्हणून? वर्गात त्या म्हणाल्या होत्या, “तुमच्यापैकी कुणी पाण्यापासून लांब हा कोळी दाखवला, तर मी माझं म्हणणं मागं घेईन, आणि दाखवणाऱ्याला माझ्याबरोबर कामाला घेईन.”

मी मागच्या बाकावरचा. सुगीत घरच्या कामाला राहायचो, त्यामुळं प्रॅक्टिकलं बुडाली होती. जर्नल अर्धवट. मॅडमनी सगळ्यांसमोर सांगितलं होतं, “दत्ता, मी न केलेल्या कामावर सही करत नाही.” सही नाही म्हणजे परीक्षा नाही, आणि परीक्षा नाही म्हणजे आबा, माझे वडील, मला कायमचं औताला लावणार, हे उघड होतं. पण खरं सांगायचं तर नुसती भीती नव्हती. मॅडमनी माझ्याकडंही एकदा त्या भिंगातून कोळ्याकडं बघतात, तसं बघावं, असं मला वाटत होतं.

रविवारी मी तळ्यावर गेलो. सांडव्याच्या बाजूला गवतात एक बंद पुडी दिसली. मी ती फाडली. कोळीण बाटलीत घेतली आणि फाटलेलं पातं अंड्यांसकट तिथंच टाकलं. बाटलीत ज्वारीचं हिरवं पान खोचून मी ती घरी ओट्यावर ठेवली. सकाळी बघतो तर तिनं त्या ज्वारीच्या पानाचं टोक दुमडून, कडा शिवून, नवी पुडी करून आत बसकण मारली होती. माझ्या खोट्याला त्या मुक्या जिवानंच साक्ष दिली.

मॅडमनी ती बाटली खिडकीपाशी नेऊन उन्हात धरली. बराच वेळ बघितलं. भिंग लावून पुन्हा बघितलं. मग वळल्या तेव्हा त्यांचा चेहरा लहान मुलीसारखा झाला होता.

“कुठं म्हणालास?”

“आमच्या माळावर. ज्वारीत.”

“जवळ विहीर? नाला?”

“काहीच नाही, मॅडम.”

“नोडप्पा!” त्या वर्गाला म्हणाल्या. “या मुलानं मला खोटं पाडलं!” आणि टाळ्या वाजवायला लागल्या. आपलं म्हणणं पडल्याचा एवढा आनंद झालेलं माणूस मी त्यानंतर पाहिलं नाही.

दिलेला शब्द त्यांनी पाळला. शनिवारी थांबवून माझी राहिलेली प्रॅक्टिकलं करून घेतली, एकही सवलत न देता, आणि मगच सही केली. सूक्ष्मदर्शकाखाली कोळ्याचे डोळे कसे मांडलेले असतात ते बघायला शिकवलं. माझं इंग्रजी वाचन त्यांच्या भाड्याच्या खोलीत, स्टोव्हच्या आवाजात झालं. मी अडखळलो की त्या ओळ पूर्ण करायच्या नाहीत, वाट बघायच्या. माझ्यासाठी थांबलेलं ते पहिलंच माणूस.

आणि त्या आमच्या शेतावर यायला लागल्या. दरवर्षी, ज्वारी उभी असताना. एका कोळिणीवर त्यांचं भागणार नव्हतं. दुसरी सापडायला हवी होती, नर सापडायला हवा होता. पहिल्यांदा आल्या तेव्हा आईनं घोंगडं अंथरलं. मॅडम त्यावर बसल्याच नाहीत, थेट ज्वारीत शिरल्या. आई मागोमाग.

“बाई, चावतो का हा किडा?”

“धरला तर चावेल, थोडं दुखेल. पण तो आधी पळतोच.”

“मंग पळू द्या की. कशाला हुडकायचं?”

“तुमच्या दत्तानं शोधलाय म्हणून.”

आईनं माझ्याकडं बघितलं. “माझ्या दत्त्यानं?” तिला एवढी खूश मी परीक्षेच्या निकालालाही पाहिली नाही. त्या दिवसापासून तीही पानं उलटायला लागली. दोघी दोन काकऱ्या धरून जायच्या, एकीच्या हातात उलटी छत्री, दुसरीच्या हातात खुरपं. धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, बसून दोघी एकाच फडक्यातली भाकरी खायच्या. आई म्हणायची, “न्हाय गावला व्हय? लई लाजाळू दिसतो मेला.” मी भाकरी चावत मान खाली घालून बसायचो.

बी.एस्सी. झाल्यावर आबांनी सांगून टाकलं, शिक्षण झालं तेवढं बास, आता शेत बघायचं. मॅडम मुद्दाम आल्या. चहा झाला, इकडचं तिकडचं बोलणं झालं. मग मॅडम म्हणाल्या, “आबा, दत्ताला औत हाकताना मी बघितलंय.”

“मंग?”

“बैल त्याला हाकत होते.”

आबा असे हसले, की बाहेरच्या बैठकीतली माणसं आत डोकावली. त्या हसण्यातच माझं एम.एस्सी. झालं. छत्रपती संभाजीनगरला कॉट बेसिसवर खोली मॅडमनी ओळखीनं मिळवून दिली. मुलाखतीच्या आधी त्यांनी मला समोर बसवून दिवसभर प्रश्न विचारले आणि निघताना म्हणाल्या, “येत नसेल तर ‘माहीत नाही’ म्हण. खोटं उत्तर देऊन मिळालेली नोकरी रोज खोटं मागते.” मला त्या मुलाखतीत खरंच एक उत्तर आलं नाही. मी तसं म्हणालो, आणि निवड झाली. लोहाऱ्याला रुजू झालो त्या दिवशी आईच्या आधी मॅडमना फोन लावला.

मी किती वेळा सांगायचं ठरवलं आणि गिळलं, ते मोजण्यात अर्थ नाही. एक वेळ मात्र सांगितलीच पाहिजे. एका वर्षी ज्वारीतून बाहेर येताना मॅडमचा पाय बांधाच्या दगडावरून निसटला आणि गुडघा खाली आपटला. मी आईच्या लुगड्याच्या पट्टीनं त्यांचा पाय बांधून, त्यांना मोटारसायकलवर मागं बसवून, धाराशिवला दवाखान्यात नेलं. वाटेत खड्डा लागला की त्यांची बोटं माझ्या खांद्यात रुतायची. दवाखान्याच्या बाकावर मी रडायला लागलो. आता सांगतो, असं म्हणून तोंड उघडलं, तर मॅडमच माझी समजूत घालायला लागल्या, “अरे, तुझ्या शेताचा काय दोष? मीच खाली बघितलं नाही.” मी तोंड मिटलं. तो गुडघा पुढं कधीच नीट झाला नाही.

मॅडमचं माळावर येणं थांबलं, तर आईनं ते काम आपल्याकडं घेतलं. खुरपताना, भांगलताना ती पानं उलटायची. काही वळवळलं की चुन्याच्या रिकाम्या डबीत धरायची आणि मी सुट्टीला आलो की हातात ठेवायची, “बाईंना दे. आवंदा बहुतेक तोच हाय.” मॅडम प्रत्येक डबी भिंगाखाली उघडायच्या आणि निरोप द्यायच्या, “आईंना सांग, हा तो नाही, पण छान धरलाय, एकही पाय तुटलेला नाही.” आई तो निरोप बायकांना सांगत हिंडायची. ती गेली त्या वर्षीच्या सुगीतही तिनं एक डबी दिली होती.

मॅडम निवृत्त होऊन मुरूमला, धाकट्या बहिणीकडं राहायला गेल्या. तिथं त्यांनी जिल्ह्यातल्या तळ्यांवरच्या कोळ्यांविषयी मराठीत एक पुस्तक लिहायला घेतलं, शाळेच्या मुलांना कळेल असं. एका संध्याकाळी फोन आला.

“दत्ता, पुस्तक संपत आलंय. तुझाच कोळी तेवढा उरलाय. ऐक.” आणि त्यांनी वाचून दाखवलं. हा कोळी पाण्याकाठी आढळतो, परंतु पाण्याशिवायही राहू शकतो, कारण येरमाळ्याजवळच्या माळरानावर ज्वारीच्या पानात तो सापडला आहे. आणि पुढं माझं नाव. “तुझ्या आईंचंही नाव घातलंय. तुझ्या नावात वडिलांचं मधे घालू ना?”

मॅडमनी आयुष्यभर न केलेल्या कामावर सही केली नव्हती. त्यांच्या एकुलत्या एका पुस्तकात, त्यांच्या नावाखाली, माझं खोटं आता छापलं जाणार होतं. पोरं ते पाठ करणार होती.

“मॅडम, मी मुरूमला येतो,” एवढंच म्हणालो.

दुसऱ्या दिवशी रजा टाकून जीप धरली. दार त्यांच्या बहिणीनं उघडलं. त्यांना सगळे अक्का म्हणत. “या, या. हिचं लग्न कोळ्यांशीच लागलं, तुम्ही वऱ्हाडी अजून येता,” म्हणून हसल्या. मॅडम खुर्चीत बसल्या होत्या, पाय स्टुलावर, मांडीवर कागद. बारीक झाल्या होत्या. मला बघून तोच चेहरा, बाटली उन्हात धरतानाचा.

“आधी जेवण, मग कोळी,” त्या म्हणाल्या.

भाकरी, शेंगाची चटणी, दही. अक्का ताट उचलून आत गेल्या तसं मी सांगून टाकलं. तो कोळी आमच्या शेतातला नव्हता. मी तळ्यावरून आणला होता.

मॅडमनी चष्मा काढला, पदरानं पुसला, पुन्हा घातला.

“तळ्याच्या कुठल्या बाजूचा?”

“सांडव्याकडचा.”

“पुडी बंद होती?”

“होती.”

“अंडी?”

“होती, मॅडम. तिथंच टाकली.”

त्यांनी डोळे मिटले. बाहेर रस्त्यावरून भंगारवाला ओरडत गेला. मग अचानक डोळे उघडून त्या म्हणाल्या, “थांब. ज्वारीच्या पानाची पुडी मी स्वतः बघितलीय.”

“पान मी बाटलीत टाकलं होतं. रात्रीत तिनं ती केली.”

“म्हणजे ज्वारीचं पान तिला चालतं.” त्या पुढं वाकल्या. “अरे, मग गवताचा प्रश्नच नाही! पान कुठलंही चालेल, तिला पाण्याचीच ओल हवी. इतकी वर्षं मी...” आणि तिथं त्या थांबल्या. मला त्यांचा आनंद उतरताना दिसला. आवाज बदलला.

“इतकी वर्षं, दत्ता. हे उत्तर तुझ्या घरी ओट्यावर होतं. आणि मी माळावर.” त्यांचा हात गुडघ्यावर गेला, तो त्यांनी लगेच काढूनही घेतला. “तुझ्या आईंना ठाऊक होतं?”

“नाही.”

“त्या बिचाऱ्या मला डब्या पाठवत राहिल्या.”

मी मग बोलायला लागलो. जर्नल, सही, आबा, औत, मागचा बाक, माझं वय. बोलत गेलो तसं मला सुटल्यासारखं वाटायला लागलं.

“साकु,” मॅडम म्हणाल्या.

त्यांनी मांडीवरचा कागद घेतला, ते वाक्य आडव्या रेघेनं खोडलं आणि वर नवं लिहिलं. लिहिताना प्रत्येक शब्द मोठ्यानं म्हटला, “हा कोळी पाण्याला सोडून राहत नाही.” माझं नाव खोडलं. आईच्या नावाशी पेन थांबलं. “त्यांचं राहू दे. त्यांनी शोधलं. खरंच शोधलं.” पेनला टोपण लावून कागद बाजूला ठेवला. मग माझ्याकडं सरळ बघितलं. राग होता त्या बघण्यात, पण नजर त्यांनी काढून घेतली नाही. माझं वाचन अडायचं तेव्हाही त्या अशाच बघायच्या.

“कारणं मला पाठ आहेत, दत्ता. मी जन्मभर परीक्षक होते. तू आत्तापर्यंत मला हकिकत सांगितलीस. माफी मागायची राहिलीय.”

मी उठून उभा राहिलो.

“मॅडम, मी तुमच्याशी खोटं बोललो. तुम्ही पडलात त्या दिवशीही गप्प बसलो. तुमच्या चांगुलपणावर मोठा झालो आणि तुम्हाला माळावर हिंडू दिलं, आईला हिंडू दिलं. माझं चुकलं. मला माफ करा.”